पानगळीच्या बोन्सायला थंडी लागू द्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे हिवाळा सौम्य असतो. तरी रात्रीचा गारठा बाधू नये म्हणून मी माझा जपानी मेपल थंडीत घरात, खिडकीशी ठेवते. मागच्या हिवाळ्यात त्याला मध्येच पालवी फुटली आणि नंतर फांद्या शेंड्याकडून वाळत गेल्या. असे का झाले?

झाडाला झोप मिळाली नाही म्हणून. सौम्य हवामानात पानगळीच्या झाडांचा घात थंडीपेक्षा उबेनेच जास्त होतो, आणि बंद खोलीत तर ऊब दिवसरात्र असते.

दिवस लहान होऊ लागले, रात्री गार झाल्या, की मेपल वाढ थांबवतो. पानांतले नत्र आणि इतर अन्नांश काढून घेऊन खोडात, मुळांत साठवतो आणि मग पाने गाळतो. यानंतरच्या सुप्तावस्थेचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात डोळे, म्हणजे फांदीवरचे पालवीचे अंकुर, आतूनच बंद असतात. हवा कितीही चांगली असली तरी ते नीट फुटत नाहीत. ही अवस्था संपायला शेकडो तासांची थंडी लागते. बागायतदार ढोबळमानाने 0 ते 7 अंश सेल्सिअसमधले तास धरतात. त्याहून थोडी कमी थंडीही काही प्रमाणात कामी येते, पण दिवस वारंवार 16 अंशांच्या वर तापले तर आधी मिळालेल्या थंडीचा परिणाम कमी होतो. थंडी पुरेशी झाली की दुसरा टप्पा सुरू होतो. आता झाड फक्त उबेची वाट पाहत असते, आणि चार उबदार दिवसही त्याला जागे करायला पुरतात.

थंडी अपुरी पडली तर पालवी उशिरा आणि तुटक येते. शेंड्याचे डोळे फुटतात, आतल्या फांद्या उघड्याच राहतात. तुमच्या मेपलने ही अर्धवट पालवी साठवलेल्या अन्नावर काढली आणि खोलीतल्या अपुऱ्या उजेडात त्या पानांना खर्च भरून काढता आला नाही. फांद्या वाळल्या त्या बहुधा यामुळेच.

या हिवाळ्यात झाड बाहेरच राहू द्या. पाने गळाल्यावर त्याला उन्हाची गरज उरत नाही, म्हणून घराच्या ज्या बाजूला हिवाळ्यात ऊन येत नाही तिथे, जमिनीलगत ठेवा. दिवसभर तापणारी भिंत टाळा, ती रात्रीही ऊब सोडत राहते. निरोगी, झोपलेल्या मेपलला रात्री गोठणारे साधे दंव बाधत नाही. मात्र कुंडीतली मुळे फांद्यांइतकी काटक नसतात, त्यामुळे पारा शून्याच्या बराच खाली जाणार असेल तर कुंडीभोवती वाळलेल्या पानांचा थर द्या. दंवाची खरी भीती कोवळ्या पालवीला असते. झाड लवकर जागे झालेच, तर त्या रात्रींपुरते आडोशाला घ्या आणि सकाळी पुन्हा बाहेर काढा.

प्रश्न : थंडी पुरत नसेल तर बोन्साय फ्रिजमध्ये ठेवावे का?

काही जण ठेवतात. पाने नसलेल्या झाडाला उजेड लागत नाही, त्यामुळे तत्त्वतः ते चालते. पण झाड आधी बाहेरच पाने गाळून झोपलेले असावे लागते. फ्रिजमधली हवा कोरडी असते, माती नकळत सुकते, फांद्यांवर बुरशीही येऊ शकते. शेजारी पिकलेली फळे असतील तर त्यांतून निघणारा इथिलीन वायू डोळ्यांना मारक ठरू शकतो.

मी हा मार्ग सुचवणार नाही. दरवर्षी कृत्रिम थंडी द्यावी लागत असेल तर ते झाड तुमच्या हवेचे नाही. लार्च आणि बीच या झाडांचा सौम्य हवामानात नाद सोडावा. ट्रायडंट मेपल, चिनी एल्म, डाळिंब, अंजीर आणि क्रेप मर्टल कमी थंडीतही छान वाढतात. ट्रायडंट मेपल तर जपानी मेपलची हौस बऱ्याच अंशी भागवतो आणि उन्हाळाही त्याच्यापेक्षा चांगला सोसतो.

प्रश्न : माझा चिनी एल्म हिवाळ्यातही हिरवाच असतो. पाने ओरबाडून काढू का?

ओरबाडू तर मुळीच नका, पानाच्या बगलेतला डोळाही सोबत निघून येतो. चिनी एल्म सौम्य हवेत निमसदाहरित राहतो, त्यात काही बिघडलेले नाही. हिरवे, घट्ट पान अजून अन्न तयार करत असते. उबेच्या दिवसांत ते काढले तर झाड अवेळी नवी पालवी काढेल. हिवाळा सरता सरता डोळे फुगू लागले की जुनी पाने कात्रीने देठावर कापा. तेव्हा फांद्यांची रचनाही स्पष्ट दिसते.

मेपलचे पिवळे पडलेले पान हलकेच ओढून पाहा. सहज सुटले तर काढा, अडले तर राहू द्या. मातीवर पडलेली पाने मात्र उचलाच, बुरशीचे बीजाणू आणि किडींची अंडी त्यांतच हिवाळा काढतात.

प्रश्न : पाने नसताना पाणी आणि खत किती द्यावे?

पाणी कमी, पण बंद नाही. सौम्य हिवाळ्यात माती फारशी गार होत नाही आणि मुळांचे काम थोडेफार चालूच राहते. वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा एक कोरी लाकडी काडी मातीत खोलवर खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. टोक गडद, ओलसर असेल तर थांबा. काडी जवळजवळ कोरडी निघाली तर सकाळच्या वेळी भरपूर पाणी घाला. वाऱ्याच्या दिवसांत उथळ कुंडी अंदाजापेक्षा लवकर सुकते, तेव्हा लक्ष ठेवा. सलग पाऊस लागला तर कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवा. कुंडी तिरकी झाली की तळाशी साठलेले पाणी बरेच उतरते.

खत पानगळीनंतर थांबवा.

प्रश्न : छाटणी, फांद्यांना वळण देण्यासाठी तार बांधणे आणि कुंडी बदलणे ही सगळी कामे हिवाळ्यात एकदम उरकता येतील का?

एकदम नको. मेपलची मोठी फांदी पाने गळताच छाटा, नाहीतर थेट वसंतातली पालवी पक्की झाल्यावर. हिवाळ्याच्या शेवटी मुळांकडून रस वर चढू लागतो आणि तेव्हा केलेली जखम ठिबकत राहते. निरोगी झाड सहसा यातून तरते, पण तो ताण टाळता येतो.

तार बांधायला उघड्या फांद्या सोयीच्या, मात्र या दिवसांत त्या ठिसूळ असतात. माती थोडी कोरडी असताना बांधा, वाक हळूहळू द्या आणि डोळ्यांना धक्का लागू देऊ नका. पालवी आली की फांद्या झपाट्याने जाड होतात, म्हणून तेव्हा दर आठवड्याला तार रुतत नाही ना ते पाहा.

कुंडी बदलायला कॅलेंडर पाहू नका, डोळे पाहा. मेपलचा डोळा फुगतो, लांबतो, आणि त्याच्या खवल्यांच्या फटीत फिकट, कोवळा भाग दिसू लागतो. हीच वेळ. मुळे कापल्याचा धक्का झाड आता लवकर भरून काढते. सौम्य हवेत ही वेळ अपेक्षेपेक्षा बरीच लवकर येते, म्हणून मातीचे मिश्रण आधीच चाळून तयार ठेवा. पाने उलगडली असतील तर यंदा कुंडी बदलू नका. नुकती कुंडी बदललेल्या झाडाला मात्र दंव लागू देऊ नका, कापलेली मुळे फार नाजूक असतात.

प्रश्न : हिवाळ्यात चुना-गंधकाची फवारणी करावी का?

मागच्या हंगामात भुरी किंवा खवले कीड झाली असेल तर जरूर करा. झाड पूर्ण निष्पर्ण असताना, डोळे फुटण्याआधी, डब्यावर सुप्तावस्थेसाठी दिलेल्या प्रमाणातच पातळ करून फवारा. तेलाच्या फवारणीला लागून करू नका आणि द्रावणात आम्ल मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून काम करा, कुंडीतली माती झाकून घ्या. त्याआधी जुन्या मऊ टूथब्रशने नुसत्या पाण्यात खोडावरचे हिरवे शेवाळ घासून काढा. फांद्यांच्या बेचक्यांत नीट पाहा, खवले कीड तिथेच सालीच्या रंगाची होऊन चिकटलेली असते.