नववीच्या मुलांना संविधान सभेतल्या चर्चा कशा शिकवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या नववीच्या वर्गाला संविधान बनवायला लागलेली २ वर्षं ११ महिने १७ दिवस, मसुदा समितीचे सात सदस्य, २६ नोव्हेंबर १९४९ हे सगळं तोंडपाठ आहे. पण संविधान तयार झालं म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारलं की वर्ग गप्प. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतोय. माझं म्हणणं थोडक्यात असं: जे मंजूर झालं ते पुस्तकात आहेच, जे फेटाळलं गेलं ते वर्गात आणा.

मुलांच्या डोक्यात चित्र असं असतं की काही थोर माणसं एका खोलीत बसली आणि त्यांनी शांतपणे ग्रंथ लिहिला. तिथे वाद झाला, माणसं चिडली, हरली, हे त्यांच्या गावीही नसतं. मसुद्यावर ७,६३५ सुधारणा आल्या होत्या, त्यांतल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे मीही आधी फळ्यावर लिहून पुढे सरकायचो. मुलं तेही पाठ करायची. आता मी एकच सुधारणा घेतो आणि तिच्यावर सलग दोन तास घालवतो.

ती १७ ऑक्टोबर १९४९ची. त्या दिवशी उद्देशिका चर्चेला आली होती, अध्यक्षस्थानी राजेंद्र प्रसाद. सभेचे एक सदस्य हरी विष्णू कामत यांनी सुचवलं की 'आम्ही, भारताचे लोक' याच्या आधी 'ईश्वराच्या नावाने' हे शब्द घालावेत. आपली मुलं परिपाठात रोज उद्देशिका म्हणतात, त्यामुळे तिच्या पहिल्याच शब्दांवरून भांडण झालं होतं म्हटल्यावर मागच्या बाकांवरचेही सरसावून बसतात.

पहिल्या वर्षी मी यात एक मोठी चूक केली. मुलांना भूमिका वाटून दिल्या: तू आंबेडकर, तू नेहरू, तू राजेंद्र प्रसाद. झालं, तासाचं स्नेहसंमेलन झालं. कोट आले, चष्मे आले, गुलाबाचं फूल आलं. आंबेडकर व्हायला सात जण तयार आणि कामत व्हायला एकही नाही, कारण कामत हरले हे मी आधीच सांगून बसलो होतो. मुद्द्यावर कोणी बोललंच नाही.

तेव्हापासून नावं गाळून चिठ्ठ्या करतो. एका चिठ्ठीवर असतं, एवढं मोठं कार्य देवाचं नाव घेऊनच व्हायला हवं. दुसरीवर, श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नको, न मानणाऱ्यालाही हे संविधान आपलं वाटलं पाहिजे. तिसरीवर, देवाला मतदानाला लावून आम्हाला अडचणीत टाकू नका. आणि चौथीवर, 'देव' म्हणता, मग 'देवी' का नाही? ही चौथी चिठ्ठी वाचली की वर्ग खो खो हसतो. मुलांना वाटतं सरांनी गंमत म्हणून घुसडली. हसू ओसरलं की मुली ती उचलून धरतात, आणि वाद खरा तिथून रंगतो. चिठ्ठी देताना मी मुद्दाम उलटी देतो: जो रोज कपाळाला गंध लावून येतो त्याला विरोधाची. त्यालाच सगळ्यात जास्त डोकं खाजवावं लागतं.

मग हात वर करून मतदान. निकाल काही का लागेना, तुम्ही मध्ये पडू नका. माझ्याकडे दोन वर्षं 'ईश्वराच्या नावाने' जिंकलंय. मला तेव्हा समजावायची फार खुमखुमी आली होती, पण तोंड बंद ठेवलं.

नावं यानंतर सांगायची. सक्तीचा मुद्दा मांडला तो थानू पिल्लै यांनी. मतदान टाळा अशी विनंती केली पूर्णिमा बॅनर्जी यांनी. देवीचा आग्रह होता आसामच्या रोहिणीकुमार चौधरी यांचा. कामाख्येच्या मुलखातला शक्तिपूजक माणूस, तो देवीला कसा सोडेल! कामतांनी मतदानाचा हट्ट धरला. निकाल लागला ४१ विरुद्ध ६८. 'हा आपल्या इतिहासातला काळा दिवस', अशा अर्थाचं काहीतरी ते तिथल्या तिथे म्हणाले. आणि एवढं होऊनही पुढे ते त्याच सभेत बसून काम करत राहिले. हे मात्र मी दोनदा सांगतो.

एक मुलगी दरवर्षी निघतेच, जी ४१ आणि ६८ची बेरीज करते. १०९. 'सर, सभासद तर २९९ होते ना? बाकीचे कुठे होते?' असा प्रश्न आला की समजा तास वसूल झाला. हजेरीपट हा विषय मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

तुमची शाळा ग्रामीण भागात असेल तर दुसरा एक प्रसंग याहून चांगला चालेल. ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याचं कौतुक करणाऱ्यांना फटकारलं. खेडं म्हणजे संकुचित वृत्तीचं, अज्ञानाचं डबकं, असा त्यांचा रोख होता. गांधीविचाराचे सभासद भडकले. ग्रामपंचायतींचा मसुद्यात उल्लेखही नव्हता. मग २२ नोव्हेंबरला के. संतानम यांनी पंचायतींबद्दलची सुधारणा मांडली आणि आंबेडकरांनी ती स्वीकारली. आजचं अनुच्छेद ४० ते हेच. अठरा दिवसांचा हा सगळा खेळ. मुलांना आधी आंबेडकर तसं का म्हणाले असतील हे विचारा. गावात कोणाच्या वस्तीला पाणी शेवटी पोचतं, हे त्यांना माहीत असतं. त्यांना बोलू द्या. मग संतानम यांची बाजू. इथे घाई करू नका, आणि कुठल्याही मुलाला त्याच्या घरावरून, आडनावावरून बोलायला लावू नका. हा प्रसंग नीट हाताळला नाही तर तासापुरता राहत नाही, मधल्या सुट्टीत बाहेर जातो.

के. टी. शहांची सुधारणाही हाताशी ठेवा. १५ नोव्हेंबर १९४८ला त्यांनी 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी' हे शब्द सुचवले आणि ते फेटाळले गेले. त्यांतले 'धर्मनिरपेक्ष' आणि 'समाजवादी' हे दोन १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने उद्देशिकेत आले. याला दहा मिनिटं पुरतात.

समित्यांची यादी, अधिवेशनांची संख्या वगैरे घरी वाचायला द्या, परीक्षेपुरतं ते होतं. सभेच्या कामकाजाचे अहवाल इंटरनेटवर फुकट आहेत. आधी तुम्ही त्या एका दिवसाचं अख्खं वाचा, पण वर्गात चार-पाच वाक्यंच न्या, तीही तुमच्या मराठीत. मूळ इंग्रजी भाषणं वाचून दाखवली की पोरं जांभया देतात, करून पाहिलंय.

गेल्या वर्षी हे सगळं संपल्यावर एकाने विचारलं, 'देव नाकारला ना, मग मंत्री टीव्हीवर ईश्वरसाक्ष शपथ का घेतात?' मी काही बोललो नाही, संविधानाची तिसरी अनुसूची उघडून त्याच्या हातात दिली. तिथे 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' आणि 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' असे दोन्ही पर्याय आहेत. पुस्तक बाकाबाकावरून फिरलं. पुढचा शपथविधी होईल तेव्हा कोण काय म्हणतं ते वहीत लिहून आणा, एवढाच गृहपाठ दिला.