फुले उशिरा आली, तक्रार त्याहून उशिरा

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. अशाच आशयाची पत्रे प्रत्येक लग्नसराईनंतर येतात. थोरल्या मुलीचे लग्न ठाण्यातील एका सभागृहात होते आणि मुहूर्त सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा होता. खारघरच्या एका सजावटवाल्याने १,४५,००० रुपयांच्या कोटेशनमध्ये 'सकाळी ९ पर्यंत सजावट पूर्ण' असे लिहून दिले होते. त्याचा टेम्पो १० वाजून ५० मिनिटांनी पोहोचला. ठरले होते निशिगंध आणि ऑर्किड. लागल्या झेंडूच्या माळा आणि प्लास्टिकच्या वेली. ६०,००० रुपये आगाऊ दिलेले होते, उरलेले ८५,००० त्याच संध्याकाळी यूपीआयने चुकते झाले. आता वीस महिन्यांनी त्या विचारतात, की पाच लाखांची भरपाई मिळेल का, आणि धाकटीच्या लग्नासाठी फुलवाला ठरवताना काय पाहावे.

आपण ग्राहक आहात का आणि ही सेवेतील त्रुटी आहे का, यावर मी शाई खर्च करीत नाही. सगळे प्रकरण एकाच प्रश्नावर उभे आहे: टेम्पो उशिरा आल्यावर, ती सजावट लावून घेताना, आपल्यापैकी कोणी त्या माणसाला 'याची भरपाई आम्ही घेणार' असे सांगितले होते का?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ चा तिसरा परिच्छेद सहसा कोणी वाचत नाही. जेथे वेळ हाच कराराचा गाभा असतो, आणि मुहूर्ताच्या कामात तो असतोच, तेथे ठरलेली वेळ टळल्यानंतर आपण काम स्वीकारले, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. अपवाद एवढाच, की स्वीकारतानाच तसा इरादा समोरच्याला कळवलेला असावा. दारात वऱ्हाड उभे असताना फुले परत पाठवणे शक्य नव्हते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे, पण कायदा परत पाठवायला सांगत नाही, बोलायला सांगतो. आपण मात्र संध्याकाळी पैसे पाठवून त्याखाली 'धन्यवाद' लिहिलेत आणि हात जोडल्याचे चिन्हही टाकलेत. समोरचा वकील आपल्या लेखी म्हणण्याला पहिली जोडेल ती याच संदेशाची छायाप्रत. आधी त्रागा, मग सौजन्य आणि दीड वर्षाने संताप, हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे, की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही. वैताग मात्र येतो.

तरीही आपल्या पत्राच्या तिसऱ्या पानावर जाता जाता लिहिलेले एक वाक्य आहे: 'भाच्याने त्याला तेव्हा व्हॉट्सॲपवर खूप सुनावले होते.' पत्राची सुरुवात या वाक्याने व्हायला हवी होती. भाच्याने नेमके काय म्हटले आणि किती वाजता, ते आजच ऐकून पाहावे. 'तुमचे पैसे कापणार', 'नुकसान भरून द्यावे लागेल' अशा अर्थाचे काही त्यात असेल, तर कलम ५५ ची अट पूर्ण झाली असे मला जोरात मांडता येईल, कारण ही सूचना लेखीच हवी असे ते कलम म्हणत नाही. नुसत्या शिव्या असतील, तर त्या इरादा कळवणे या सदरात बसतील का, याविषयी मला शंका आहे. भाच्याचा तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या, प्रमाणपत्रासह तो संदेश दाखल करावा लागेल.

प्लास्टिकच्या वेलींचा मुद्दा वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक भक्कम आहे. कोटेशनच्या तळाशी 'उपलब्धतेनुसार फुलांत बदल संभवतो' असे छापले आहे, पण त्या ओळीने फुलाऐवजी दुसरे फूल चालेल, फुलाऐवजी प्लास्टिक चालणार नाही. उशिराचे कारण म्हणून त्याने सांगितलेली कळव्याची वाहतूक कोंडीही दैवी आपत्ती नव्हे. ती रोजची आहे. छायाचित्रकाराकडून मूळ फायली मागवून घ्याव्यात. आपण पाठवलेल्या एका छायाचित्रात मंगलाष्टके चालू आहेत, वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला आहे, आणि मागे सजावटवाल्याची ॲल्युमिनियमची शिडी मांडवाच्या उघड्या खांबाला टेकलेली आहे. मूळ फायलीतील वेळेसह ते छायाचित्र दहा प्रतिज्ञापत्रांचे काम करील.

मुदतीबद्दल स्पष्ट बोलतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षे मिळतात. आपली चार महिन्यांत संपतील. सजावटवाल्याच्या 'पुढच्या महिन्यात बघू' ने ती वाढत नाहीत, वकिलाच्या नोटिशीनेही वाढत नाहीत. विलंब माफ करणे ग्राहक आयोगाच्या हातात आहे, पण आपल्याकडे सांगण्याजोगे कारण मला दिसत नाही. कोटेशनवर 'वाद पनवेल न्यायालयातच' असे असले तरी आपण राहता तेथे, म्हणजे ठाणे जिल्हा आयोगात, तक्रार करण्याची मुभा कलम ३४ देते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे वाढ देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. नोटीस पोहोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल व्हावा असेही कायदा म्हणतो. मी त्या भरवशावर कोणाला तारीख सांगत नाही, आपणही धरून बसू नये. पाच लाखांचा आकडा सोडून द्यावा. दिलेल्या रकमेचा काही भाग परत, मानसिक त्रासापोटी माफक काही आणि तक्रारीचा खर्च एवढीच मागणी मी करीन, आणि तीही पूर्ण मान्य होईल असे म्हणणार नाही.

धाकटीच्या वेळी फुलवाला कसा निवडावा हे मी सांगू शकत नाही. त्याच्याकडून काय लिहून घ्यावे हे सांगतो. टेम्पो पोहोचण्याची नव्हे, तर काम पूर्ण होण्याची वेळ लिहून घ्यावी. 'उपलब्धतेनुसार' ही ओळ खोडून कोणत्या फुलाऐवजी कोणते फूल चालेल ते नावानिशी लिहावे, कारण मुहूर्ताच्या दिवशी दादरच्या बाजारात भाव चढले की बदल ठरलेलाच असतो. 'आगाऊ रक्कम परत मिळणार नाही' असे वाक्य असले तर लगेच हबकू नये; करार कायद्याच्या कलम ७४ मुळे, रक्कम जप्त करणाऱ्यालाही ती वाजवी आहे हे दाखवावे लागू शकते. मात्र तो वाद पुन्हा आयोगापर्यंत नेण्यापेक्षा आगाऊ रक्कमच कमी ठेवावी, आणि उरलेली कार्य झाल्यावर तीन दिवसांनी, छायाचित्रे पाहून द्यायची असे कोटेशनवरच नोंदवून त्यावर त्याची सही घ्यावी.