मन लागत नसेल तर हात लावा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, सोलापुरात विजापूर रोडला घर, खासगी बँकेत वसुलीचं काम. सहा महिन्यांपासून टार्गेटचा ताण, आणि गेल्या दोनेक महिन्यांपासून कशातच मन लागत नाही. रात्री झोप नाही, रविवारी पलंगावरून उठवत नाही, पाच वर्षांच्या लेकीवर ओरडता आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडता. औषध न घेता आणि कुणालाही कळू न देता यातून बाहेर कसं यायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी शेवटच्या भागाचं सांगतो. औषधाशिवाय कदाचित जमेल. कुणालाच कळू न देता मात्र जमणार नाही. मी अकरा महिने तसा प्रयत्न करून बघितलाय.

मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांत हिशेब लिहीत आलोय, आज वय ४९. काही वर्षांपूर्वी मी होतो तो कारखाना बंद पडला. तीन महिन्यांचा पगार अडकला आणि त्याच महिन्यात मोठ्याची फी भरायची होती. दुसरी नोकरी दीड महिन्यात लागली, पण तोवर आत काहीतरी बिनसलं होतं. रोज पहाटे साडेतीनला जाग यायची. पंख्याकडे बघत पडायचं आणि कुणाचं किती देणं लागतो तीच बेरीज पुन्हा पुन्हा करायची. बेरीज पाठ झाली होती, तरी करायचो. भाकरीला चव लागेना. पार्क चौकात एक जुना दोस्त भेटला, म्हणाला, "काय बे, तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, "पित्त झालंय." वर्षभर मी सगळ्यांना पित्तच सांगितलं, डॉक्टरांनासुद्धा. छातीत धडधडायचं म्हणून ईसीजी काढला, तो चांगला आला. तो चांगला आल्याचं मला वाईट वाटलं, कारण मग आता दुखतंय तरी काय, हे सांगायला माझ्याकडे काही उरलं नाही.

बदल कुठून सुरू झाला ते सांगतो. एका रविवारी दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. आईने शेजारी खलबत्ता आणून ठेवला. शेंगा भाजलेल्या, साल पाखडलेलं, लसूण सोललेला, तिखट-मीठ-जिरं एका ताटलीत. म्हणाली, "चटणी कुटून दे." मी म्हटलं, "मन लागंना झालंय गं कशात." ती म्हणाली, "मन लागंना तर ऱ्हाऊ दे. हात तर लाव."

उठलो, कारण आईला नाही म्हणायलाही बळ लागतं. शेंगा चटणी तुम्हाला माहीत आहेच, पण कधी कुटली नसेल तर सांगतो. आधी नुसता कोरडा भुगा होतो, बत्ता खाली आपटत राहतो. दहा मिनिटं काही घडत नाही. मग कडेने भुगा जरा काळपट लाल दिसायला लागतो, बत्त्याला चिकटतो, आवाज बदलतो. तेल सुटलं की तिचे गोळे व्हायला लागतात. अर्धा तास गेला असेल. ताटलीत काढताना माझ्या लक्षात आलं की त्या अर्ध्या तासात ती बेरीज एकदाही डोक्यात आली नव्हती. आनंद वगैरे काही झाला नाही. पुन्हा जाऊन पडलोही. पण अकरा महिन्यांत पहिल्यांदा डोकं अर्धा तास गप्प होतं.

पुढे कळलं की आई जे बोलली, ती मानसोपचारातली एक चांगली अभ्यासलेली रीत आहे. तिला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. आपण समजतो आधी उभारी येईल, मग उठू. उदासीत ते उलटं चालतं. पडून राहिलं की जीव रमेल असं काही घडतच नाही, काही घडत नाही म्हणून मन आणखी खाली जातं, आणि मग आणखी पडून राहावंसं वाटतं. हे चाक मनाच्या बाजूने थांबवता येत नाही, हाताच्या बाजूने येतं. म्हणून काम ठरवायचं ते घड्याळावर, इच्छेवर नाही. आणि काम इतकं लहान ठेवायचं की नापास होता येऊ नये. "रोज तासभर व्यायाम" असलं काही ठरवू नका. सकाळी साडेसहाला चपला घालून जिना उतरायचा, इतकंच ठरवा. उतरल्यावर परत वर यावंसं वाटलं तर या. मी पहिले चार दिवस गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. नंतर सिद्धेश्वर तळ्यापर्यंत गेलो आणि किल्ल्याच्या बाजूला एका जागी बसून आलो. पूर्ण फेरी मारायला महिना लागला. तुम्हाला कंबर तलाव जवळ आहे, तिकडे चालत जा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ला जातो, तेव्हा सातच्या आत परत या. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीच्या झोपेची वेळही जागेवर यायला मदत होते, म्हणून संध्याकाळपेक्षा सकाळ बरी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगते, पण तो आकडा सध्या भिंतीवर लावू नका. तिथवर आपोआप पोचाल.

आता तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट. तुम्ही ताण आणि उदासी एकाच दमात लिहिलीत. दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात हे खरं, पण त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. ताणात शरीर पळायला तयार झालेलं असतं. नाडी जोरात, खांदे आवळलेले, पोटात गोळा. त्याला थांबायला शिकवावं लागतं. उदासीत शरीर बसून गेलेलं असतं, त्याला हलवावं लागतं. तुमचं सोमवार ते शनिवार पहिलं आहे आणि रविवार दुसरं. रविवारी "आराम करू म्हणजे बरं वाटेल" म्हणून पडून राहता, तिथे गफलत होते. रविवारी उठायचं आणि कामाच्या दिवशी थांबायचं, असं ठरवून बघा.

थांबायचं कसं? वसुलीच्या कामात तुमच्या हातात एक चांगली गोष्ट आहे. थकबाकी वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये स्पष्ट सांगितलंय. हा नियम कर्जदारासाठी आहे, पण तो तुमच्याही कामी येऊ द्या. सातला कामाचा फोन बंद. साहेबांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट. सकाळी आठला पुन्हा बघा. साहेब काय म्हणतील याची धाकधूक पहिले काही दिवस राहील, ती सोसा.

दिवसभर लोकांचे शिव्याशाप ऐकून घरी येणारा माणूस दारातून थेट मुलीसमोर उभा राहिला तर ओरडणारच. घरात शिरायच्या आधी गाडी लावून पाच मिनिटं तिथेच बसा. नाकाने चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत हळू सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. याने साहेब बदलणार नाही, कर्जदार पैसे भरणार नाही. पण दार उघडताना हात थरथरणार नाही. आणि ओरडून झालंच, तर बाथरूममध्ये न जाता लेकीजवळ जा आणि "बाबाचं चुकलं" एवढं म्हणा. पाच वर्षांच्या पोराला ते पुरतं.

काळजीसाठी मी एक वही केली होती. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, डाव्या पानावर उद्या करता येण्यासारखं, उजव्या पानावर जे माझ्या हातात नाही ते. पहाटे साडेतीनला बेरीज सुरू झाली की स्वतःला सांगायचं, हे संध्याकाळच्या वहीचं आहे. सुरुवातीला दहा वेळा सांगावं लागतं.

झोपेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती सुधारली की बाकी निम्मं सोपं होतं. रात्री कितीही वाजता झोप लागो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. दुपारी चारनंतर चहा नको. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. वीस-पंचवीस मिनिटं झोप आली नाही तर पलंगावर तळमळत पडू नका, उठून मंद उजेडात बसा, डुलकी यायला लागली की परत जा. नाहीतर पलंग म्हणजे जागायची जागा असं अंगवळणी पडतं. आपल्या गावातली आणखी एक अडचण म्हणजे पाणी. काही दिवसांआड येतं, अवेळी येतं आणि घरातला एक माणूस त्यासाठी जागा असतो. तो माणूस तुम्ही असाल, तर पुढचे दोन महिने ते काम घरात वाटून घ्या. कारण विचारलं तर खरं सांगा.

दोन गोष्टी टाळा. मी दोन्ही केल्या म्हणून सांगतो. पहिली, झोपेसाठी रात्री "थोडी" घेणं. दारूने डोळा लागतो, पण झोप मध्यरात्रीनंतर मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी बसतं. दुसरी, चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या. मला एका मेडिकलवाल्याने ओळखीखातर अल्प्राझोलामची पट्टी काढून दिली. तीन आठवड्यांत एकीच्या दोन झाल्या. या गोळ्यांची सवय लागते आणि एकदम सोडल्या तर त्रास होतो. डॉक्टरांनी मोजक्या दिवसांसाठी दिल्या तर गोष्ट वेगळी.

आता डॉक्टरांचं. चालणं, वही, श्वास हे सगळं मी केलं आणि त्याने पन्नास टक्के फरक पडला असेल. पण साडेतीनची जाग गेली नाही. शेवटी बायकोनेच घरच्या डॉक्टरांना "यांना पित्त नाही" म्हणून सांगितलं. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासायला लावलं. हे तुम्हीही आधी करून घ्या, कारण थायरॉइड कमी पडलं किंवा रक्त कमी असलं तरी असाच थकवा आणि उदासी येते. माझं बी-१२ कमी निघालं, पण ते म्हणाले तेवढ्याने हे सगळं होत नाही, आणि मला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात पाठवलं. केसपेपर काढून रांगेत बसलो तेव्हा मान खाली घातली होती. वर बघितलं तर समोरच्या बाकावर आमच्या गल्लीतला एकजण. त्याने मला हात केला. बस, एवढंच झालं.

डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतला, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, असे प्रश्न. एकूण २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांनी नीट बघायला हवं, असा साधारण हिशेब. तुम्ही लिहिलेली लक्षणं दोन आठवडे सोडा, दोन महिने झालीत. म्हणजे जायची वेळ आधीच झालीय. जाणं म्हणजे गोळी घेणंच असं नाही. सौम्य त्रासात नुसत्या समुपदेशनानेही भागतं. मला गोळी दिली. पहिला आठवडा मळमळलं, तिसऱ्या आठवड्यात जाणवलं की आज साडेपाचला जाग आली. नऊ महिने घेतली, मग डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून बंद केली. ही गोळी झोपेच्या गोळीसारखी सवय लावणारी नसते, फक्त आपल्या मनाने मध्येच सोडायची नाही.

लोकांना कळेल ही भीती मला पूर्ण समजते. सोलापुरात नव्या पेठेत शिंक आली तर साखर पेठेत कळतं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने उपचाराची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केलाय. डॉक्टर तुमच्या बँकेला काही सांगू शकत नाहीत. तुम्ही मात्र एका माणसाला सांगा. बायकोला सांगणं सर्वांत बरं, कारण नळाचा आवाज तिला रोज ऐकू येतोय.

आणि तुम्ही लिहिलं नाहीत तरी विचारतो. "नसलो तर बरं" असं कधी मनात येतं का? येत असेल तर उद्याची वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेला. फुकट आहे, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलता येतं. नंतर किंवा त्याआधी घरातल्या कुणालातरी हलवून उठवा. असं मनात येणं हे आजाराचं लक्षण आहे, तापात अंग गरम होतं तसं. तुमच्या स्वभावाचा किंवा हिमतीचा त्याच्याशी संबंध नाही.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं ते सुचत नाही, मलाही सुचलं नव्हतं. तुम्ही इथे जो प्रश्न लिहिलाय त्यात सगळं आहे: कधीपासून, झोप, रविवार, लेक, नळ. तो मोबाइलवर उघडा आणि तसाच त्यांच्या हातात द्या.