दार बदलायचं की नुसतं लॉक?

प्रश्न: पुण्यात आमचा तळमजल्यावर फ्लॅट आहे. मागच्या अंगणात उघडणाऱ्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या दाराचं लॉक दोन महिन्यांपूर्वी बिघडलं. दार बसवून देणारा व्यवसाय बंद करून गेला. एका विक्रेत्याने अख्खं दार बदलायचे ७८,००० सांगितले. दुसरा कारागीर लॉक, बेअरिंग, मजुरी मिळून साडेचार हजार म्हणतो, पण मापाचं लॉक आम्हीच शोधायचं. एक लाखाची एफडी मोडून दारच बदलावं का? तीन वर्षांनी फ्लॅट विकायचाय, तेव्हा पैसे वसूल होतील. नाहीतर दिवाळीपर्यंत थांबू, घराचा विमा आहेच.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. आणि दिवाळीपर्यंत थांबूही नका.

आधी विम्याचं बघू. पॉलिसी काढून वाचा. २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ असेल, तर आग, पूर, भूकंप अशा घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी तिच्यात येते. साध्या घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. ते असलं तरी घर फोडून आत शिरल्याच्या खुणा लागतात. न लागणारं दार कोणी नुसतं सरकवलं तर खुणा कुठून आणणार? तेव्हा आजच खालच्या ट्रॅकमध्ये मापाने कापलेली काठी आडवी टाका. आमच्याकडे वर्षभर जुन्या झाडूचा दांडा होता. पाहुण्यांसमोर लाज वाटायची, पण दार जागचं हलत नसे.

आता लॉक. दार बसवणारा गेला म्हणून लॉक मिळणार नाही असं नाही. यूपीव्हीसीच्या दारांचे सुटे भाग बहुतेक वेळा वेगळ्याच कंपन्यांचे असतात. हँडलचे दोन स्क्रू काढले की चौकोनी दांडी दिसेल. शटरच्या, म्हणजे सरकणाऱ्या पल्ल्याच्या, कडेचे स्क्रू काढलेत की लांब धातूची पट्टी गिअरसकट बाहेर येते, तेच तुमचं लॉक. तीन मापं घ्या: पट्टीची लांबी, दांडीच्या भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या दर्शनी बाजूपर्यंतचं अंतर, आणि हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर. हे शेवटचं बरेचदा ४३ मिमी असतं आणि दांडी ७ मिमीची. पट्टीवर ठसा किंवा नंबर असेल तर त्याचा फोटो काढा. मग जुना तुकडाच पिशवीत घालून रविवार पेठेत बोहरी आळीत जा, किंवा यूपीव्हीसीच्या खिडक्या बनवणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये विचारा. फोनवर वर्णन सांगून चुकीचंच लॉक घरी येतं.

बेअरिंगचा, म्हणजे शटरखालच्या चाकांचा, खर्च मात्र वाचवू नका. ती झिजली की शटर खाली बसतं, लॉकचा हूक चौकटीतल्या खाचेत नीट जात नाही, आपण हँडल जोर लावून फिरवतो आणि गिअर तुटतो. बहुतेक तुमचंही असंच झालंय. नुसतं लॉक बदललंत तर तेही याच वाटेने जाईल.

७८,००० रुपये ७ टक्क्यांनी तीन वर्षं राहिले तर साधारण ९५,५०० होतात. मुदतीआधी मोडलं तर बहुतेक बँका व्याजदरात अर्धा-एक टक्का कापतात. विकताना वसूल होतील म्हणता, पण गिऱ्हाईक पार्किंग बघतं, पाणी बघतं, कागद बघतं. नवं दार बघून भाव वाढवणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. विक्रेता ‘नो कॉस्ट ईएमआय’ देऊ करेल, तेव्हा रोखीचा भाव आधी विचारा. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा तुमच्याच कार्डावर पडतो.

दार बदलण्याची एकच वेळ मला पटेल: चौकट वाकलेली आहे किंवा ट्रॅक इतका खाल्लाय की नव्या बेअरिंगवरही शटर सरळ चालत नाही. कारागिराला शटर उतरवून ते दाखवायला सांगा. तसं निघालंच, तरी आधी फक्त शटर आणि ट्रॅकचं कोटेशन मागा, आणि तो आकडा मला कळवा.