मादाम बटरफ्लायचा अंत: दोष भोळेपणाचा की विश्वासघाताचा?

इटालियन संगीतकार पुच्चीनी यांच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेरातील नायिकेचा अंत तिच्या भोळेपणामुळे होतो की तिचा नवरा पिंकरटन याच्या विश्वासघातामुळे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोष सर्वस्वी पिंकरटनचा आहे आणि तो पहिल्याच अंकात, लग्न लागण्याआधी घडलेला आहे.

अमेरिकी नौदलातील हा अधिकारी नागासाकीच्या टेकडीवरचे घर ९९९ वर्षांच्या कराराने घेतो, मात्र दर महिन्याला करार मोडण्याची मुभा राखून. लग्नही तो त्याच अटींवर करतो. वधूची वरात यायच्या आधीच, अमेरिकी वाणिज्यदूत शार्पलेससमोर पेला उंचावून, पुढे एखाद्या खऱ्या अमेरिकन मुलीशी होणाऱ्या खऱ्या लग्नाचे तो शुभचिंतन करतो. ही मुलगी सारे मनापासून मानते आहे, असे शार्पलेस त्याला बजावतो. तेव्हा आपल्याला कल्पना नव्हती, असे म्हणण्याची सोय पिंकरटनला उरत नाही.

दुसऱ्या बाजूला चो-चो-सान, म्हणजेच बटरफ्लाय आहे, अवघ्या पंधरा वर्षांची. घराण्याची संपत्ती गेल्यावर पोटासाठी गेईशा (नाचगाण्याने करमणूक करणारी) झालेली ही मुलगी किमोनोच्या बाहीतून आपली चीजवस्तू एकेक करून काढून त्याला दाखवते: रुमाल, आरसा, पंखा, रंगाची डबी. डबी त्याला रुचली नाही, हे दिसताच ती फेकून देते. वडिलांनी ज्या शस्त्राने प्राण दिला ते मात्र ती कोणाला दाखवत नाही. आदल्या दिवशी आपण गुपचूप ख्रिस्ती मिशनमध्ये जाऊन आलो आणि यापुढे तुमचाच देव मानणार, हेही ती सांगून टाकते. ते कळताच तिचा काका भर लग्नात येऊन तिला शाप देतो आणि सगळे नातेवाईक संबंध तोडून निघून जातात. आपण कायमचे आलो आहोत, या विश्वासाने ती परतीचा प्रत्येक मार्ग बंद करत असते. त्याने स्वतःचा मार्ग उघडा ठेवला आहे, हे तो तिला सांगत नाही. मी विश्वासघात म्हणतो तो याला.

तिला अडाणी ठरवणाऱ्यांनी दुसरा अंक लक्षपूर्वक पाहावा. नवरा सोडून गेला की बायकोचा घटस्फोट झालाच, असे लग्न जमवणारा दलाल गोरो सांगतो, तेव्हा ती ताडकन उत्तर देते की तो जपानचा कायदा झाला, माझ्या देशाचा नव्हे. आणि माझा देश म्हणजे अमेरिका, जिथे असा नवरा न्यायाधीशासमोर उभा राहिला तर तुरुंगात जातो. तिचा तर्क चोख आहे. फक्त तो देश तिला आपले मानत नाही, आणि हे माहीत असूनही पिंकरटन गप्प राहून निघून गेलेला आहे.

अखेर पिंकरटन परततो तो अमेरिकन बायकोसह, चो-चो-सानला झालेला आपला मुलगा न्यायला; आणि ती वडिलांच्या त्याच शस्त्राने प्राण देते. फेब्रुवारी १९०४ मध्ये मिलानला पहिला प्रयोग सपशेल पडल्यावर पुच्चीनींनी फेरफार केले आणि मे महिन्यातल्या ब्रेशियाच्या प्रयोगात पिंकरटनला पश्चात्तापाचे एक गाणे मिळाले. गाणे सुरेल आहे, पण माझे मत त्याने बदलत नाही, कारण ते म्हणून तो तिला न भेटताच पळ काढतो. मुलाला न्यायचे असेल तर त्याने अर्ध्या तासाने स्वतः यावे, ही तिची अट म्हणूनच मला फार महत्त्वाची वाटते: त्या सबंध व्यवहारात तिने घातलेली ती पहिलीच अट आहे.