प्राण्यांचं वेड आहे, पण रक्त बघवत नाही

पत्र : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. लहानपणापासून प्राण्यांचं वेड. ती पशुवैद्य होणार हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. पण रक्त पाहिलं की तिला भोवळ येते. कल चाचणीत ‘संशोधक, कलात्मक, सामाजिक’ असा निकाल आला आणि आमचा गोंधळ आणखी वाढला. हे क्षेत्र सोडून द्यायचं का? – एक आई

उत्तर : आधी चाचणीबद्दल. ही वर्गवारी जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या, १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातली. त्यात कामाच्या आवडीचे सहा प्रकार आहेत: हातकाम, संशोधन, कला, माणसांना मदत, नेतृत्व-व्यापार आणि नीटनेटकं कार्यालयीन काम. अशा चाचणीतून काय आवडतं ते कळतं, काय जमतं ते नाही. त्यामुळे त्या निकालाकडे शोधाची सुरुवात म्हणून बघा. निवाडा म्हणून तो कपाटाला चिकटवू नका.

आता मूळ प्रश्न. ‘प्राणी आवडतात’ एवढ्यावरून काम ठरत नाही. तिला त्यांच्यासोबत नेमकं काय करायला आवडतं? तासन्‌तास निरीक्षण करून वहीत नोंदी करत असेल, तर प्राणिवर्तनाचा अभ्यास तिच्यासाठी आहे. मात्र त्यात जंगलातल्या दिवसांइतकाच, बहुधा जास्तच, वेळ आकडेवारी आणि लेखनात जातो. त्यांची चित्रं काढत असेल, तर शास्त्रीय चित्रकार लागतातच. पिसांची रचना, हाडांचे सांधे अचूक दाखवायला छायाचित्र दर वेळी पुरत नाही. जखमी पिल्लू घरी आणून त्याची काळजी घेत असेल, तर पुनर्वसन केंद्राचं काम आहे. तिथे पिंजरे धुणं आलं आणि देणगीदारांना फोन करणंही आलं. पशुवैद्याचा बराच दिवस प्राण्याशी कमी, घाबरलेल्या मालकाशी जास्त बोलण्यात जातो, हेही तिला माहीत असू द्या. माणसांशी बोलायला नको म्हणून प्राण्यांकडे वळणारी मुलं इथेच फसतात.

भोवळीला इतकं घाबरू नका. हा त्रास पुष्कळांना असतो. स्नायू ताणून धरून रक्तदाब टिकवायचं तंत्र आणि हळूहळू सवय करणं, या दोन्हींचा तज्ज्ञांच्या मदतीने चांगला उपयोग होतो. तिला खरंच पशुवैद्य व्हायचं असेल तर एवढ्यासाठी माघार नको. व्हायचं नसेल, तर भोवळ ही चांगली सबब ठरतेय का, तेही हळूच बघा. हे विचारताना वडीलधाऱ्यांची फौज समोर नको.

सुट्टीत दोन-तीन वेगवेगळ्या कामांच्या ठिकाणी तिला दिवसभर नुसतं बसू द्या. ‘काम कसं वाटतं?’ असं विचारलं की लोक छान छान सांगतात. त्यापेक्षा ‘काल सकाळपासून काय काय केलंत?’ असं तिने विचारावं, आणि कंटाळवाणा भाग ऐकताना तिचा चेहरा कसा होतो याकडे तुम्ही लक्ष ठेवा. मी तर त्यालाच चाचणीपेक्षा जास्त गुण देईन.

विषय निवडताना जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवता आले तर ठेवा. प्राणिवर्तन काय नि पशुवैद्यक काय, दोन्ही वाटा त्यामुळे खुल्या राहतील. चित्रकला वर्गाबाहेरही चालू राहील. फक्त तिची कागदं रद्दीत देऊ नका. पुढे प्रवेशाच्या वेळी कामाचे नमुने मागतात.