वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ उशिरा का सुरू होतो?

प्रश्न : फायरफॉक्समध्ये कोणताही व्हिडिओ लावला की चार-पाच सेकंद काळी चौकट दिसते, मग तो सुरळीत चालतो. त्याच लॅपटॉपवर क्रोममध्ये लगेच सुरू होतो. मुद्दाम होतंय का?

उत्तर : नेट मंद असेल तर उशीर कमीजास्त होतो आणि मधूनमधून चक्रही फिरतं. दर वेळी तेवढाच उशीर आणि पुढे सगळं सुरळीत, म्हणजे संशय पेजच्या स्क्रिप्टवर (पेजसोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा कोड) किंवा एक्स्टेन्शनवर (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम).

नोव्हेंबर २०२३मध्ये यूट्यूबच्या स्क्रिप्टमध्ये ५००० मिलिसेकंदांचा, म्हणजे पाच सेकंदांचा टायमर सापडला होता. फायरफॉक्सने ‘मी क्रोम आहे’ असं भासवलं की काहींचा उशीर नाहीसा व्हायचा, म्हणून बोभाटा झाला. यूट्यूबने मात्र कारण अ‍ॅड ब्लॉकर (जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन) असल्याचं, ब्राउझर कोणता याचा संबंध नसल्याचं सांगितलं. त्यामुळे आधी ब्लॉकर तपासा.

त्या साइटपुरता ब्लॉकर बंद करून पेज रिफ्रेश करा. उशीर गेला तर चोर सापडला. मग तुमचा ब्लॉकर यूब्लॉक ओरिजिन असेल तर त्याच्या डॅशबोर्डवर फिल्टर लिस्टमध्ये (काय अडवायचं त्याच्या याद्या) जाऊन सगळा कॅशे साफ करा आणि याद्या अपडेट करा. साइट स्क्रिप्ट सतत बदलते, शिळ्या याद्या मागे पडतात. दोन ब्लॉकर एकत्र ठेवू नका. ब्लॉकर आहे का हे साइट तपासते; एकाने ती तपासणी चुकवली तरी दुसऱ्यामुळे तुम्ही पकडले जाता. प्रायव्हेट विंडोतली चाचणी फसवी असते : तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, पण तुमच्या कुकीही नसतात, मग फरक कशाने पडला ते कळत नाही.

ब्लॉकर बंद करूनही उशीर राहिला, तर यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. बफर हेल्थ (आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ किती सेकंदांचा आहे ते) शून्याकडे घसरत असेल तर दोष नेटचा. बफर भरलेला असून ड्रॉप्ड फ्रेम्स (न दाखवताच गाळलेली चित्रं) वाढत असतील तर व्हिडिओ डीकोड करताना मशीनचीच दमछाक होते आहे.

प्रश्न : मग सरळ क्रोमवर जावं का?

उत्तर : ब्लॉकर हवा असेल तर नको. मॅनिफेस्ट व्ही३ ही एक्स्टेन्शनसाठीची गूगलची नवी नियमावली सक्तीची झाल्यापासून क्रोममध्ये एक्स्टेन्शनला प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवता येत नाही, नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करावी लागते. म्हणून तिथे यूब्लॉकची फक्त ‘लाइट’ आवृत्ती उरली. फायरफॉक्सने जुनी सोय चालू ठेवली आहे. एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच मूळ कोडवर उभे आहेत. फरक इतकाच की ब्रेव्ह आणि ऑपेरा यांचे स्वतःचे ब्लॉकर ब्राउझरमध्येच असल्याने एक्स्टेन्शनचे नियम त्यांना लागत नाहीत.